डावं चाक चकचकीत होतं

मेहुण्याचा फोन आला तेव्हा रविवारचे संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. "भाऊजी, घोडबंदर रोडवर अडकलोय, गायमुखजवळ. ट्रेलरच्या डाव्या चाकातून धूर येतोय." मागे ट्रकांचे हॉर्न. चाक हलतंय का, विचारलं. "हलतंय? लंगडतंय हो." एक फूटही पुढे घेऊ नकोस, उजव्या चाकाला दगड लाव, गाडीचे इंडिकेटर चालू ठेव आणि हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या डब्यावर, पाणी ओतू नकोस, एवढं सांगून मी जॅक आणि पाने गोळा करायला लागलो. शेवटची सूचना उशिरा पोचली. एक बाटली आधीच ओतून झाली होती.

मी भांडुपला टेम्पो-ट्रकच्या एक्सलची कामं करतो. बोटीतलं मला काही कळत नाही, पण चाक हे चाकच असतं, असा माझा समज होता. या प्रकरणानं तो थोडा खाली आणला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बोट सोळा फुटी, फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. तिघांची भागी: माझा मेहुणा, त्याच्या ऑफिसातला एक मित्र आणि उत्तनचा एक कोळी दोस्त. गळ टाकायला जाण्याचा शौक. बोट राहते मुलुंडला, मेहुण्याच्या सोसायटीत पंपरूमच्या मागच्या कोपऱ्यात, आणि पाण्यात उतरते उत्तनला. म्हणजे घोडबंदरमार्गे जायला साधारण चाळीस किलोमीटर आणि यायला तेवढेच. ट्रेलर फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला, गॅल्व्हनाइज्ड, एका एक्सलचा, १३ इंची रिंगा, चार स्टड, ब्रेक नाहीत. बोट, इंजिन, ट्रेलर धरून सातआठशे किलोचा मामला. टेम्पोच्या मानानं हे वजन म्हणजे काहीच नाही. एवढ्याशा वजनाखाली बेअरिंग जळतं कसं, हाच माझा पहिला प्रश्न होता.

गायमुखला पोचलो तेव्हा जळक्या ग्रीसचा वास रस्त्यापर्यंत येत होता. डाव्या हबची टोपी निळी पडली होती. नट काढला, हब ओढला, तर बाहेरचं बेअरिंग आलं आणि आतलं एक्सलवरच राहिलं. रोलर धरून ठेवणारी त्याची जाळी तुटली होती. रोलर हातात आले ते करपलेल्या चण्यांसारखे, काळे, काहींचे तुकडे पडलेले. बेअरिंगची आतली कडी एक्सलला इतकी चिकटली होती की ग्राइंडरशिवाय सुटणार नव्हती, आणि रस्त्यात ग्राइंडर चालवायची माझी तयारी नव्हती. सपाट टोइंग गाडी सकाळी मिळाली. ऑफिसातला मित्र रात्रभर बोटीतच झोपला. डास आणि कंटेनर यांच्यामध्ये, असं तो अजून सांगतो.

सोमवारी ट्रेलर गॅरेजमध्ये आला आणि उजेडात दोन्ही चाकं शेजारी शेजारी दिसली. कुणी मला आदल्या दिवशी विचारलं असतं की यातलं कुठलं चाक जाणार, तर मी डोळे मिटून उजव्यावर बोट ठेवलं असतं. उजवं चाक दळभद्री दिसत होतं. रिंगवर पांढरट पावडर, जिथे खरचटलं तिथे लाल गंज, नटांचे कोपरे गंजून गोल झालेले, टायरवर सुकलेला चिखल. डावं मात्र चांदीसारखं. टायरला पॉलिश मारलेलं. एका नटाभोवती झेंडूच्या हाराचा दोरा गुंडाळलेला होता आणि टोपीच्या मागच्या खाचेत कुंकवाचा लाल डाग. खंडेनवमीला गाडीसोबत ट्रेलरचीही पूजा झाली होती. त्यानंतरची ही पहिलीच फेरी.

दोन चाकांमध्ये इतका फरक का, याचं उत्तर सोसायटीच्या भिंतीत होतं. ट्रेलर कोपऱ्यात लावला की उजवं चाक भिंतीपासून जेमतेम वीतभर. तिथे माणूस बसू शकत नाही. त्यामुळे दोन वर्षं जी काही सेवा झाली ती डाव्या चाकाची झाली. उजव्याला कुणी शिवलं नाही.

मग उजवा हबही उघडला. नट सोडवताना चारपैकी एक स्टड तुटला, गंजानं धरला होता. म्हणजे दुर्लक्षाचीही किंमत होतीच. पण टोपी काढल्यावर आत गडद लाल ग्रीस, फॅब्रिकेटरनं भरलेलं, तसंच्या तसं. मागच्या सीलजवळ, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीजवळ, किंचित पांढुरकं झालेलं. बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, कपड्यानं पुसलं, बोटानं फिरवलं. गुळगुळीत, निळसर चमक शाबूत. मेहुणा बघत उभा होता. त्याचा चेहरा असा झाला, जणू वर्गातल्या उनाड पोराला पहिला नंबर दिला.

डाव्या बाजूचं आतलं बेअरिंग तर बोलण्याच्या पलीकडे गेलं होतं. साक्ष दिली ती बाहेरच्यानं. त्याचा कप, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेली रोलर ज्यावर धावतात ती बाहेरची कडी, मी ट्यूबलाइटखाली तिरका धरला. अर्ध्या भागात काही नाही. उरलेल्या अर्ध्यात काळ्या आडव्या रेघा, आठेक मिलिमीटरच्या समान अंतरानं, कंगव्याच्या दातांसारख्या. नख फिरवलं की प्रत्येक रेघेत किंचित अडकत होतं. ते अंतर म्हणजे रोलर ते रोलर अंतर.

चालत्या चाकात अशा रेघा पडत नाहीत. चालताना रोलर सगळीकडे फिरतात, झीज सगळीकडे सारखी होते. अशा रेघा उभ्या चाकात पडतात: हबच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, प्रत्येक रोलर जिथे टेकलाय तिथे पाणी धरून ठेवतो आणि महिनोन् महिने तिथेच लोखंड खातो. रेघा कपाच्या एकाच अर्ध्यात होत्या, कारण चाक थांबलं तेव्हा तोच अर्धा भाग खाली होता. म्हणजे हे बेअरिंग ऑक्टोबरात घोडबंदरवर गेलेलं नव्हतं. ते जून ते सप्टेंबर मुलुंडच्या कोपऱ्यात, पावसात, एक इंचही न हलता गेलं होतं. रविवारी त्याचा फक्त अंत्यविधी झाला. रेघांच्या कडा उखडल्या, त्यांचे तुकडे ग्रीसमध्ये फिरले, बाकीचं काम उष्णतेनं केलं.

मग प्रश्न उरला, पाणी आत गेलं कसं. इथे मेहुण्याला खुर्चीवर बसवून चहा दिला आणि मागच्या मे महिन्यापासून सगळं आठवायला लावलं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या काळात यांची हौशी बोटही बाहेर पडत नाही, आणि खरं तर दसऱ्यापर्यंत मुहूर्त लागत नाही. म्हणून मेअखेरच्या फेरीनंतर ट्रेलरची 'पावसाळ्यापूर्वीची कामं' झाली. तीन कामं. तिन्ही चांगल्या हेतूनं.

पहिलं काम ग्रीस गनचं. फॅब्रिकेटरनं टोपीवर निपल, म्हणजे गन लावायचं तोंड, बसवलं होतं. मेहुणा दर दोन-तीन फेऱ्यांनी डाव्या निपलला गन लावायचा आणि 'भरेपर्यंत' दाबायचा. आता गंमत अशी की टोपीतून गेलेलं ग्रीस आधी बाहेरच्या बेअरिंगमधून हबच्या पोकळीत जातं, पोकळी भरली की मग आतल्या बेअरिंगपर्यंत पोचतं, आणि त्यानंतर त्याला जायला जागाच नसते. जुनं ग्रीस बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती. गन मात्र दाबतच राहते. दाब शेवटी सगळ्यात कमजोर गोष्टीवर येतो, ती म्हणजे मागचं रबरी सील. डाव्या हबचं सील मला दीडेक मिलिमीटर तिरकं बाहेर सरकलेलं सापडलं. वर ते ग्रीस होतं चेसिसला वापरतात ते स्वस्तातलं, कॅल्शियमचं. पाण्याला ते चांगलं टिकतं, हे खरं. पण साधं कॅल्शियम ग्रीस साठेक अंशांच्या वर गेलं की ढिलं पडायला लागतं. तिरक्या सीलमधून ते वितळून बाहेर आलं आणि रिंगच्या आतल्या बाजूला त्याचे काळे ओघळ उमटले.

ते ओघळ मेहुण्याला दिसले होते! त्यानं स्वतः सांगितलं. "खूप घाण झाली होती आतून, म्हणून तर अ‍ॅसिड आणलं." म्हणजे चाकानं हात वर करून तक्रार केली होती आणि ती घाण समजून पुसून टाकली गेली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त चुटपुट याची लागली. बोटीच्या ट्रेलरचं चाक धुण्याआधी त्याची मागची बाजू टॉर्चनं बघायला हवी. मातीचा डाग कुठेही असतो, ग्रीसचा ओघळ मध्यातून बाहेर किरणांसारखा जातो. तो दिसला की बादली बाजूला ठेवायची आणि सील बघायचं.

दुसरं काम तेच अ‍ॅसिड, लादी घासायला झाडूवाले वापरतात ते. त्यात हायड्रोक्लोरिक असतं. गॅल्व्हनाइज्ड रिंगवर जस्ताचा थर असतो साधारण पन्नास ते पंच्याऐंशी मायक्रॉनचा, केसाच्या जाडीएवढा म्हणा. अ‍ॅसिड पडलं की फसफसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं घाण निघतेय. निघत असतं ते जस्त. धुतल्यावर रिंग लख्ख दिसली, आठवडाभरात लालसर झाली, मग त्यावर चंदेरी स्प्रे मारला गेला. म्हणजे डाव्या चाकाची चांदी ही नवी नव्हती, मेकअप होता. तो स्प्रे रिंगच्या हबला टेकणाऱ्या भागावर आणि नटांच्या बसण्याच्या जागीही जाड बसला होता. तिथला रंग चालता चालता दबतो, झिजतो आणि आवळलेले नट आपोआप ढिले होतात. बेअरिंगनं आधी गाडी थांबवली म्हणून, नाहीतर चाकच निघालं असतं.

तिसरं काम प्रेशर वॉशर. यात सोसायटीचा हातभार आहे. सेक्रेटरींनी नोटीस लावली होती की नळाला पाइप लावून वाहनं धुऊ नयेत, आणि सकाळी दीड तास पाणी येणाऱ्या इमारतीत त्यात चूक काही नाही. मेहुण्यानं मार्ग काढला: बादलीतून पाणी ओढणारा घरगुती प्रेशर वॉशर. पाणी खरंच कमी लागतं. पण खोक्यावर १२० बार लिहिलेलं, आणि त्यानं नळी घेऊन ट्रेलरखाली वाकून, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे वाळू अडकते तिथे, वीतभर अंतरावरून धार मारली. सीलची रबरी ओठपट्टी आतलं ग्रीस थोपवायला आणि बाहेरचा शिंतोडा अडवायला बनवलेली असते. समोरून मारलेल्या धारेशी झुंजायला नाही, त्यातून ती आधीच तिरकी.

त्यानंतर चार महिने पाऊस.

आणि मीठ घालवायला धारेची गरजही नव्हती. मीठ पाण्यात विरघळायला जोर लागत नाही. वेळ आणि पुरेसं गोडं पाणी लागतं. हे मेहुण्याला पटवायला मला जास्त वेळ लागला. मुंबईत मीठ 'सुकलं' असं कधी समजू नये. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरायला लागतं. आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली येते तरी कधी? रिंगच्या खाचेत राहिलेलं चिमूटभर मीठ पावसाळाभर जिवंत असतं.

एक गोष्ट मला मात्र माहीत नव्हती, ती उत्तनच्या दोस्तानं सांगितली. त्या रविवारी सकाळी जाताना डाव्या बाजूनं गुणगुण ऐकू येत होती. टायरचा आवाज असेल म्हणून सोडून दिली. उत्तनला पोचले तेव्हा भरती उतरायला लागली होती, घाई होती, तसाच ट्रेलर पाण्यात घातला. तो म्हणाला, "चाक पाण्यात गेलं तेव्हा तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र झालं. आम्हाला वाटलं, लाटेचा फेस." तिथेच मला बोटीच्या चाकाचं वेगळेपण कळलं. ट्रकचा हब तापतो आणि हवेत निवांत थंड होतो. बोटीचा हब तापलेला असतानाच बुडतो. आतली हवा एकदम आक्रसते, पोकळी निर्माण होते आणि ती भरायला हब बाहेरचं पाणी ओढून घेतो, सीलमधून. धडधाकट बेअरिंगचा हबही चाळीस किलोमीटरनंतर कोमट असतोच, म्हणजे थोडाफार घोट प्रत्येक वेळी. उजव्या हबमधलं मागचं पांढुरकं ग्रीस त्याचंच. तेही चाक निर्दोष नव्हतं, फक्त मागे होतं.

दुरुस्तीत टर्नरनं एक्सलचं डावं टोक नवं करून वेल्ड केलं. बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवरून आणली, बिलासकट, आतलं ३०२०६ आणि बाहेरचं ३०२०४, दोन्ही बाजूंची. उजव्याची जुनी चालली असती, पण एकदा खोललंय तर कशाला ठेवा. सीलं स्प्रिंगची, दुहेरी ओठांची घेतली. सगळा खर्च टोइंग धरून साडेनऊ हजारांच्या घरात गेला. त्यात एका सीलची किंमत नव्वद रुपये.

ग्रीस भरण्यावरून मी स्वतःशीच वाद घातला. ट्रकच्या हबची पोकळी आम्ही पूर्ण भरत नाही. तिसरा हिस्सा, फार तर अर्धी, नाहीतर ग्रीस घुसळून तापतं. हात सवयीनं तिथेच थांबला. पण इथे रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे पुढच्या वेळी ओढलेलं पाणी. शिवाय ब्रेक नसल्यानं इथे उष्णता ट्रकइतकी नाहीच. म्हणून या ट्रेलरला पोकळी जवळजवळ भरली, लिथियम कॉम्प्लेक्सचं, घट्टपणात दोन नंबरचं (NLGI 2) मरीन ग्रीस घालून. जुनं सगळं आधी रॉकेलनं काढून, हब वाळवून. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की कधी पातळ होतात, कधी तेल सोडतात, त्या भानगडीत पडायचंच नाही.

बेअरिंग भरायची रीत मेहुण्याला हातानं करायला लावली. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद बाजू त्या गोळ्याच्या कडेवर दाबत दाबत तळव्याकडे खेचायची. वरच्या अरुंद बाजूनं रोलरांच्या फटीतून ग्रीसचे बारीक किडे डोकं काढेपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. त्याला पहिल्याला दहा मिनिटं लागली. गन परवडली, म्हणाला.

नट आवळतानाही तसंच. चाक फिरवत फिरवत पान्यानं आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग सैल सोडायचा, मग फक्त बोटांनी टेकवायचा, आणि जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन. चाक वरखाली धरून हलवलं तर कागदाच्या जाडीएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला पाहिजे. अजिबात प्ले नसलेलं बेअरिंग तापतं. टोप्या निपलवाल्या काढून स्प्रिंगवाल्या बसवल्या. त्यातली चकती आतून हलका दाब ठेवते आणि ग्रीस पुरेसं झालं की बाहेर सरकून दाखवते, तिथे गन थांबवायची.

रिंगांचं काम सोपं होतं. डाव्या रिंगेचा स्प्रे टेकायच्या जागांवरून खरवडला, बाकी जस्ताचं प्रमाण जास्त असलेला कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचा रंग दिला. उजवीवरची पांढरी पावडर नायलॉनच्या ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं गेली. ती जस्ताचीच असते, खाली थर शाबूत होता. तारेचा ब्रश फक्त लाल डागांपुरता. टायर मात्र दोन्ही टाकले. नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूवरचा चार आकडी शिक्का ३४१७ होता, म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा, आणि पॉलिशखाली बारीक भेगा.

आता उत्तनला पोचल्यावर हबवर हाताची उलटी बाजू लावून बघतात आणि गार होईपर्यंत चहा होतो. पहिल्यांदा मेहुणा असा हात लावून बसला तेव्हा कोळी दोस्तानं विचारलं, पोराचा ताप बघतोस काय? पण वेळ त्यानंच जुळवून दिली. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा त्याच्या घरातला ढोबळ हिशोब: चतुर्थीला साधारण तीन, एकादशीला सव्वाआठ. पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचायचं. भरतीला किनाऱ्याचा वरचा, जास्त उताराचा भाग वापरता येतो, त्यामुळे ट्रेलर फार आत न घालता बोट तरंगते. चांगल्या दिवशी पाणी हबच्या खालीच राहतं.

परतल्यावर दोन बादल्या आणि तांब्या. प्रत्येक चाकावर तीनदा, मध्ये पाच-पाच मिनिटं थांबून, वरून खाली, धार नाही. प्रेशर वॉशर बोटीच्या बुडापुरता. सेक्रेटरींनी बादल्या मोजल्या आणि काही बोलले नाहीत.

मेअखेरीला दोन्ही हब पुन्हा उघडून बघितले. डाव्यातलं ग्रीस घातलं तसंच होतं. उजव्याच्या रिंगवर मागच्या बाजूला मिठाची खरखर होती आणि नट पुन्हा गंजायला लागले होते, कारण भिंत तिथेच आहे आणि तांब्या तिथे पोचत नाही. तेव्हापासून ट्रेलर एका फेरीनंतर तोंड गेटकडे करून लावतात आणि पुढच्या फेरीनंतर तोंड भिंतीकडे. उलटा लावायला तिघं लागतात, म्हणून त्या दिवशी मलाही बोलावणं असतं.